पहिल्यांदाच सीएसआर (कंपनीनं नफ्यातून समाजासाठी करायचा सक्तीचा खर्च) लागू झालाय, सव्वाआठ लाख. कुठं घालू?

फौंड्रीची_लेक

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. आप्पांनी शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर जॉबवर्क करत सुरुवात केली, पुढं भट्टी टाकली. आता ट्रॅक्टर आणि ट्रकचे पार्ट ओततो. हिशेब मी बघते. गेल्या आर्थिक वर्षात करपूर्व नफा ५ कोटी ४० लाखांवर गेला तेव्हा सीए म्हणाले, "पेढे आणा, आणि सीएसआरचे पैसे बाजूला काढा." आधीच्या दोन वर्षांचा नफा ३ कोटी १० लाख आणि ३ कोटी ९० लाख. तिन्हींची सरासरी ४ कोटी १३ लाख, तिचे दोन टक्के म्हणजे साधारण ८ लाख २७ हजार. मोठ्या कंपन्यांचा एवढा खर्च वार्षिक सभेच्या नाश्त्यावर होत असेल. आमच्या घरात मात्र त्यावरून रोज जेवताना वाद चाललाय.

आप्पांना गावच्या वेशीवर कमान बांधायची आहे, वर आजोबांचं नाव. आई म्हणते देवळाचा मंडप अर्धवट राहिलाय, तो पुरा करा. परचेसचे साहेब म्हणतात झाडं लावू, फोटो येतो, कस्टमरनं पाठवलेल्या ईएसजीच्या (पर्यावरण, समाज आणि कारभार यांसाठी काय करता ते विचारणाऱ्या) फॉर्ममध्ये एक रकाना भरतो. हायवेच्या कडेला अशी 'फॉर्मसाठी' लावलेली झाडं रोज बघते मी. पिंजरे उभे आहेत, पिंजऱ्यावरचं नाव वाचता येतं, आत गाजरगवत.

एक गृहस्थ तर ऑफिसात येऊन बसले. त्यांची म्हणे संस्था आहे. "मॅडम, आठ लाखांचा चेक द्या, पावती देतो, सर्टिफिकेट देतो, वर काही रक्कम रोखीत परत आणून देतो." चहा पाजला आणि वाटेला लावलं. पण जाताना ते म्हणाले, "सगळेच करतात," ते काही डोक्यातून जात नाही.

मला एवढंच कळतं की पैसे द्यायचेच आहेत तर ते कुणाच्या तरी खरंच कामी यावेत, आणि तीन वर्षांनी बघायला गेलं तर तिथं काहीतरी चालू दिसावं. देणाऱ्यांचे अनुभव पेपरात पुष्कळ वाचलेत. ज्यांना असं काही मिळालंय त्यांनी लिहिलं तर बरं होईल. काय मिळालं, त्याचं पुढं काय झालं?

सीएस_सांगली

आधी कायद्याचं सांगून मोकळा होतो, म्हणजे अर्धा वाद घरातच मिटेल.

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. मागच्या वर्षी नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी ओलांडलं तरी तुम्ही आत. तुम्ही नफ्याच्या दारातून आलात. रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळं वेगळी सीएसआर समिती नको, संचालक मंडळानं ठराव केला की झालं.

खर्च कशावर चालतो ते याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. आरोग्य, स्वच्छता, पिण्याचं पाणी, शिक्षण, पर्यावरण, ग्रामविकास, आपत्ती निवारण वगैरे. कमान त्यात कुठंच बसत नाही. देवळाचा मंडपही नाही. आप्पांना आणि आईंना माझं नाव सांगा हवं तर.

आणखी एक, जे पुष्कळ जण विसरतात. फक्त स्वतःच्याच कामगारांसाठी केलेला खर्च सीएसआर धरत नाहीत. कायद्यानं तसंही करायलाच हवं ते केलं, तर तेही धरत नाहीत. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात झाडं लावायची अट असेल तर ती झाडं तुमचं कर्तव्य आहे, समाजसेवा नव्हे.

संस्थेमार्फतच द्यायला हवेत असं काही नाही. कंपनीला स्वतः काम करता येतं. संस्था घेतलीत तर तिचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आधी मागा. बांधलेली किंवा घेतलेली वस्तू मात्र कंपनीच्या नावावर राहता कामा नये. सरकारी शाळा, ग्रामपंचायत, नोंदणीकृत संस्था किंवा बचतगट, यांच्या नावावर जायला हवी. काम दोन-तीन वर्षांचं असेल तर मंडळानं तसा प्रकल्प ठरवून, उरलेले पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे; त्या खात्यात पैसे असतील तोवर मात्र सीएसआर समिती लागते. प्रकल्प नसेल आणि पैसे उरले, तर सहा महिन्यांत पंतप्रधान सहायता निधीसारख्या निधीत भरायचे. यांतलं काही चुकवलं तर दंड उरलेल्या रकमेच्या दुप्पट, कमाल एक कोटी. संचालकांना वेगळा.

आणि त्या रोखवाल्या गृहस्थांचा नंबर ब्लॉक करा. पकडला गेला तर तो एकटा जात नाही.

खवचट_रंकाळा

पाटीवर नाव किती इंचाचं ते आधी ठरवा. बाकीचं आपोआप ठरतं.

फौंड्रीची_लेक

आप्पांना वाचून दाखवलं. हसले नाहीत.

गुरुजी_शिरोळ

ताई, मी 'घेणाऱ्यां'पैकी आहे. शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, शेवटी मुख्याध्यापक म्हणून बाहेर पडलो. दानशूर लोक पुष्कळ पाहिले. वाईट माणूस एकही नव्हता, हे आधी लिहून ठेवतो.

एका कारखान्यानं आमच्या शाळेला आरओचं मशीन दिलं. फीत, नारळ, सरपंचांचं भाषण, पोरांना लाडू. पाणी खरंच गोड लागायचं. दीडेक वर्षात मेंब्रेन, म्हणजे आतली गाळणी, चोकअप झालं. कंपनीला फोन केला तर ज्या साहेबांनी मशीन दिलं होतं त्यांची बदली झालेली, नवीन साहेब म्हणाले यंदा आमचा विषय आरोग्य नाही, कौशल्य विकास आहे. शाळेला वर्षाला जे अनुदान येतं ते खडू, वीजबिल आणि झेरॉक्समध्ये संपतं. मेंब्रेन कुठल्या पैशातून आणायचं? मशीन तसंच राहिलं. पोरं त्यावर दप्तरं ठेवतात. देणाऱ्याची पाटी स्टीलची आहे, ती अजून चकचकीत आहे.

टॅबचं तेच. वर्षभरानं चार्जिंग धरेना, मग कपाटात. सोलरचं तेच, बॅटरी गेली की छपरावर नुसती काच. प्रत्येक शाळेत असं एक कपाट असतं बघा. आमच्याकडं त्याला शिक्षक लोक 'देणगी कपाट' म्हणायचे.

आता उलट सांगतो. मुलींच्या संडासाची आतली कडी तुटली होती. सहावी-सातवीच्या मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या, म्हणजे जायला लागू नये. तिघी-चौघी महिन्यातले ठरावीक दिवस शाळेतच येत नव्हत्या. हे एका आईनं पालक सभेत उठून सांगितलं, बाकीच्या बायका खाली बघत होत्या. कडी लावली, नळाची गळती काढली, वर टाकीला व्हॉल्व्ह बसवला. गावातल्या एका बाईला रोज सकाळी साफसफाईला सांगितलं, तिचे पैसे आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून दिले. गैरहजेरी कमी झाली ते हजेरीपटावर दिसत होतं. पुढं माझी बदली झाली, वर्गणी थांबली, बाई यायची बंद झाली.

त्या बाईच्या पगारासाठी मी कितीतरी लोकांकडं गेलो असेन. सगळे म्हणायचे, गुरुजी, नवीन संडास बांधून देतो. अहो, संडास आहे! त्याला रोज पाणी मारणारं माणूस नाही. बांधकामाचं उद्घाटन होतं, झाडू मारण्याचं होत नाही, तिथंच सगळं अडतं.

पुराचंही तसंच. ऑगस्ट २०१९ ला आमच्याकडं पाणी आलं तेव्हा मदतीचे ट्रक इतके आले की वाटायला माणसं पुरेनात. जुन्या कपड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात. नऊवारी नेसणाऱ्या आज्जींना जीन्स काय कामाच्या? त्या धबडग्यात उद्यमनगरातले दोन मोटार वायंडर, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवीन तार भरणारे कारागीर, आले. जॅकवेलच्या (नळयोजनेचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) बुडालेल्या मोटारी वर काढल्या, धुतल्या, वाळवल्या, एक जळाली होती तिचं रिवायंडिंग करून दिलं. तांब्याच्या तारेचे तेवढे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. गावाला नळाला पाणी आलं. माझ्या मते त्या आठवड्यात आलेली सगळ्यात मोलाची मदत तीच. ज्याला जे येतं ते त्यानं दिलं.

म्हणून म्हणतो, नवीन काही देऊ नका. तुमच्या आसपासच्या शाळांत जा, शाळा व्यवस्थापन समितीबरोबर बसा, आधी कुणी दिलेलं काय काय बंद पडलंय त्याची यादी करा. त्यातलं जे खरंच वापरात होतं ते चालू करा आणि तीन वर्षं चालू ठेवा. पाटी लावायचीच असेल तर त्यावर प्लंबरचा मोबाईल नंबर घाला.

सीएस_सांगली

गुरुजी, तुमची यादीची कल्पना नियमात चपखल बसते. तीन वर्षांचा देखभाल प्रकल्प करता येतो. फक्त वायंडरसारखं काम तुमच्या कामगारांकडून करून घेतलंत, ताई, तर त्यांच्या वेळेची किंमत सीएसआरमध्ये धरता येत नाही. प्रत्यक्ष खर्च झालेला पैसाच मोजतात. तरी करू नका असं मात्र म्हणत नाही.

दोन_व्हीएमसी

ताई, मी गोकुळ शिरगावला असते. फौंड्रीवाल्यांचीच कास्टिंग मशिनिंग करून देते. नवरा गेल्यावर शेड विकायची का चालवायची असा प्रश्न होता, चालवली. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनिंगची यंत्रं), पाच पोरं कामाला. तुमची फौंड्री माझं गिऱ्हाईक नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

मशीनचा हप्ता ५ तारखेला जातो. पोरांचा पगार ७ ला. जीएसटी भरायचा तो बिल काढल्याच्या हिशेबानं, पैसे आलेत का नाही ते कुणी विचारत नाही. आणि माझं बिल निघतं ९० दिवसांनी, कधी १२०. फोन केला की "वहिनी, चेक सहीला आहे." एका पार्टीनं एका शाळेला संगणक दिले, पेपरात फोटो आला. फोटोत साहेब, फोटोत हार, आणि माझ्या टेबलावर त्यांचीच तीन थकलेली बिलं. तो फोटो मी कापून लेजरला टाचून ठेवलाय.

कायदा मलाही पाठ आहे. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्या, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून तर आयकरातही आलंय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरत नाहीत. पण जो काम देतो त्याच्यावर तक्रार करायची कुणाची छाती आहे? तक्रार केली की पुढचं काम शेजारच्या शेडमध्ये उतरतं.

मोठ्या लोकांनी समाजासाठी काय करावं असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. आमचे पैसे वेळेवर द्या. त्यात उपकार नाही, ते आमचेच आहेत. पण माझे पैसे ४५ दिवसांत आले तर मी आणखी एक पोरगा कामाला ठेवू शकते. त्याला आयटीआयचं ट्रेनिंग देऊन तुमच्या वार्षिक अहवालात 'कौशल्य विकास' लिहिण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

शाळेचं करा, जरूर करा. आधी तुमचं क्रेडिटर लेजर, म्हणजे कुणाचं किती देणं आहे ती वही, उघडून बघा.

निवृत्त_सेफ्टी

व्हीएमसीवाल्या ताईंनी गेटच्या आत बोट दाखवलंय म्हणून मीही धीर करतो. माझी सगळी नोकरी फौंड्रीत गेली.

सकाळच्या पाळीला नॉकआउटपाशी, म्हणजे वाळूचा साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथं, उभ्या राहा. पूर्वेच्या पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते, तिच्यात धूळ तरंगताना दिसते. ती जी दिसते ती बहुतेक नाकातच अडकते. खरी घातक असते ती दिसत नाही. पाच मायक्रॉनच्या आतली सिलिका, म्हणजे वाळूची अतिबारीक धूळ, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि तिथं व्रण धरत राहते. त्यालाच सिलिकोसिस म्हणतात, तो बरा होत नाही. कायद्यानं तो कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत आहे. तरी कळवलेला केस मी क्वचितच पाहिला, कारण खोकला आणि वजन घटलं की पहिली गोळी टीबीची सुरू होते. शिवाय फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) ग्राइंडर धरून बसलेली पोरं ठेकेदाराची. बिहारची, यूपीची, ओडिशाची. आजारी पडली की गावी जातात. म्हणून आमच्या रजिस्टरमध्ये रोग नाही.

काय करायचं ते फार अवघड नाही. कोरडा झाडू बंद, ओला किंवा व्हॅक्यूम चालू. ग्राइंडरपाशी धूळ ओढणारा हूड, आणि त्याची बॅग वेळेवर झाडलेली. तोंडाला रुमाल नव्हे, नीट बसणारा मास्क. सुट्टी झाल्यावर हवेच्या पाइपनं कपडे झटकायची सवय आहे ना, ती पहिली बंद करा, त्यानं कपड्यांवरची सगळी धूळ थेट नाकातोंडात जाते. एक्स-रे तर तुम्ही काढताच, पण तो सिलिकोसिस ओळखणाऱ्या डॉक्टरला दाखवा. ठेकेदाराच्या पोरांचाही.

दुसरं, काळी वाळू. वापरून झालेली वाळू घेऊन ट्रॅक्टर कुठं जातो ते एकदा त्याच्या मागे गाडी घालून बघा. तिच्यात कोळशाची भुकटी असते, कोअरमधलं (साच्याच्या आत बसवायच्या वाळूच्या गाभ्यातलं) रेझिन, म्हणजे वाळू चिकटवायचं रसायन, असतं. ओढ्याकाठी ओतली की पहिल्या पावसात ओढ्यात. तिथून पंचगंगा किती लांब आहे? वाळू परत वापरात आणायचं यंत्र महाग आहे हे मान्य. पण नवीन वाळूही आता स्वस्त राहिलेली नाही, हिशेब मांडून बघा.

यातल्या एकाही गोष्टीचा तुमच्या सव्वाआठ लाखांशी संबंध नाही, सीएस साहेबांनी वर सांगितलंच आहे. हा खर्च वेगळा काढावा लागेल.

फौंड्रीची_लेक

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आप्पांना छापून दिलं, त्यांना स्क्रीनवर वाचवत नाही.

सगळ्यात मोठं भांडण व्हीएमसीवाल्या ताईंच्या मुद्द्यावरून झालं. मी लेजर पुढं ठेवलं. आप्पा म्हणाले, "मला कस्टमर नव्वद दिवसांनी देतो. मी पंचेचाळीसला कुठनं आणू?" खोटं नाही ते. वरचा आमच्या मानेवर बसतो, आम्ही खालच्याच्या. शेवटी एवढं ठरलं की ज्यांची शेड पाच-सात माणसांची आहे त्यांची बिलं दर महिन्याच्या १० तारखेला निघतील, आमचे आलेले असोत वा नसोत. त्यासाठी बँकेकडं कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा थोडी वाढवून मागितली आहे. त्याचं व्याज आम्ही भरायचं. मोठ्या सप्लायरांचं तूर्त जसं आहे तसं.

हूडचं कोटेशन मागवलंय. हवेचा पाइप आप्पांनी स्वतः जाऊन काढून घेतला, पोरं दोन दिवस नाराज होती. वाळूच्या ट्रॅक्टरमागे अजून गेले नाही, जाणार आहे.

आता आठ लाख सत्तावीस हजार. गुरुजींचं ऐकून नागाव आणि हालोंडीकडच्या तीन शाळा बघितल्या. दोन शाळांत 'देणगी कपाट' आहे, तिसऱ्या शाळेत तर खोलीच आहे. साधारण ४ लाख संडास, नळ, टाकी आणि वायरिंगच्या दुरुस्तीला. उरलेल्यातून तीन वर्षं सफाईच्या बायकांचं मानधन आणि ॲसिड-फिनेल. रोज दोन तासांचे महिना साडेतीन हजार धरलेत, तिन्ही शाळांचे मिळून वर्षाला १ लाख २६ हजार. आप्पांची कमान गेली. पाटीबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत.

दोन_व्हीएमसी

१० तारीख ठरवलीत, तुमच्या तोंडात साखर पडो. पण साडेतीन हजार? घरच्या धुण्याभांड्यालाच आमच्याकडं तेवढे मागतात. शंभर पोरांचे संडास त्यात कोण धुवेल? पाच हजार धरा, आणि १० तारखेला तिचेही द्या.

फौंड्रीची_लेक

बरोबर आहे. पाच केले. वर्षाला १ लाख ८० हजार होतात, तीन वर्षांचे ५ लाख ४० हजार. म्हणजे पहिल्याच वर्षी सगळं बसत नाही, पुढच्या वर्षीच्या सीएसआरमधून भर घालावी लागेल. सीएस साहेब, चालेल ना?

सीएस_सांगली

चालेल, यंदाचा नफा पाच कोटींच्या वर राहिला तर. खाली आला तर बंधन नाही, पण बायकांना तीन वर्षांचा शब्द दिलाय हे ठरावात लिहून ठेवा.

गुरुजी_शिरोळ

आधी नळ आणि कड्या करून घ्या, वायरिंग दिवाळीच्या सुट्टीत. आणि प्लंबर शाळा सुटल्यावर पाठवा, मधल्या सुट्टीत नको. बाया नेमताना तिन्ही गावांतल्या बचतगटांना विचारा, ठेकेदार मध्ये घालू नका.